अपंग मुलाचें शिक्षण व आईबापांचा सांभाळ



आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीप्रसंगीं मी एक लहानसाच विषय मांडणार आहें. ज्या घरांत अपंग अथवा स्वमग्न मूल आहे, तेथें शिकवावयास जाणाऱ्यानें आईबापांशीं कसें वागावें, हा तो विषय होय.

अशा मुलांस शिकविण्याचें वर्तन-विश्लेषण नांवाचें एक शास्त्र अमेरिकेंत वाढलें आहे. मूल एखादी गोष्ट करितें त्याच्या आधीं काय घडतें व नंतर त्यास काय मिळतें, हें बारकाईनें टिपावयाचें. मग मोठें काम लहान पायऱ्यांत वांटून, पायरीपायरीस कांहीं बक्षीस देत पुढें न्यावयाचें, अशी त्याची रीत आहे. आरंभीं मुलांस शिक्षाही करीत, ही गोष्ट लपवूं नये.

१९६४ सालीं माँट्रोज वुल्फ व त्यांचे सहकारी यांनीं साडेतीन वर्षांच्या एका स्वमग्न मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मोतीबिंदूमुळें त्याच्या डोळ्यांतील भिंगें काढलेलीं होतीं. चष्मा न लाविल्यास दृष्टि जाणार, आणि तो तर चष्मा लावूं देईना! रिकामी चौकट नुसती हातीं घेतली तरी खाऊ, डोळ्यांजवळ नेली तर खाऊ, असें करीत करीत तो दिवसांतून बारा तास चष्मा घालूं लागला. पण घरीं परतल्यावर रोजचें हें काम चालवावयाचें आईबापांनींच. म्हणून त्यांसही हळूहळू तयार करावें लागलें.

त्या काळच्या आईची स्थिति ध्यानीं घ्या. स्वमग्नता हें आईच्या थंड स्वभावाचें फळ होय, असें तेव्हां मोठमोठे पंडित म्हणत. स्वतः अशा मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनीं १९६४ मध्यें ग्रंथ लिहून या मताचें खंडन केलें. तरी तो डाग पुष्कळ आयांच्या मनावरून अद्यापि पुसला गेला नसावा, असें मला वाटतें.

अशा आईकडे एखादा तरुण विश्लेषक येतो, नोंदींचा तक्ता मागतो व तो कोरा पाहून कपाळास आठ्या घालतो. त्याचें शास्त्र खरें असेल. पण बाईची रात्र कशी गेली, हें त्यानें विचारलें काय? मूल पहाटेपर्यंत निजलें नसेल, वर शेजारीण दोन शब्द बोलून गेली असेल. येथें नुसती हळहळ उपयोगाची नाहीं. हळहळणारा निघून जातो. करुणावान् मनुष्य आधीं ऐकून घेतो, तक्ता लहान करितो, दहा कामांऐवजीं एकच सोंपवितो, आणि योजना फसल्यास "बाई, चूक माझी" असें मोकळेपणें म्हणतो.

उद्दिष्टें मोलाचीं वाटतात काय, रीत पटते काय, फळानें समाधान होतें काय, हें त्या लोकांसच विचारावें, असें वुल्फ यांनीं १९७८ सालच्या निबंधांत प्रतिपादिलें. तरीही २०१९ मध्यें ब्रिजेट टेलर व त्यांच्या दोन सहकारी बाईंनीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत आईबापांनीं या बाबतींतील उणिवा दाखविल्याच. २०२२ च्या आरंभीं अमलांत आलेल्या या व्यवसायाच्या आचारसंहितेंत करुणा, प्रतिष्ठा व आदर यांस मूलतत्त्वांत स्थान आहे. करुणा नियमांत लिहावी लागावी, हें थोडें चमत्कारिकच. पण लिहिलेली बरी.

त्या चष्मेवाल्या मुलाची पुढील हकीकत राहिली. घरीं गेल्यावर सहा महिन्यांनीं त्याच्या आईनें कळविलें कीं, तो चष्मा घालतो, थयथयाट करीत नाहीं, अधिक बोलूं लागला आहे, आणि रात्रीं स्वस्थ निजतो.