सर्पदंश आणि कष्टकऱ्यांचे घर

(चाकण परिसरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



वेतनकरार, कंत्राटी पद्धत, भूसंपादन या आपल्या नेहमीच्या विषयांच्या रांगेत 'विषारी साप' हा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. साप हा प्राणिशास्त्राचा विषय, फार तर अंधश्रद्धा निर्मूलनाचा, असे आपण समजत आलो. परंतु आकडे पाहा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे मरण पावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज घरोघरच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अभ्यासातून २०२० साली प्रसिद्ध झाला. त्याच मालिकेतील २०११ सालच्या निबंधाने असे दाखविले की, या मृत्यूंपैकी सुमारे ९७ टक्के ग्रामीण भागातील होते आणि तीनचतुर्थांशांहून अधिक माणसे रुग्णालयाबाहेरच दगावली होती. जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आहेत.

साप चावताना जात आणि वर्ग पाहत नाही, असे कोणी म्हणेल. सापापुरते ते खरे आहे. पण कोणाच्या घराच्या भिंतीला भोके आहेत, कोण जमिनीवर अंथरूण टाकून झोपतो, कोणाला अंधारात बांधावरून चालावे लागते, कोण अनवाणी भात लावतो आणि कोणापाशी रात्री दोन वाजता वाहन नाही, हे सारे समाजरचनेने ठरविलेले असते. सर्पदंश हा गरिबांचा रोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली त्याला उपेक्षित रोगांच्या यादीत स्थान दिले. रोग उपेक्षित राहिला, कारण रोगी उपेक्षित होते.

आता आपल्या परिसराकडे या. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. त्यानंतर उद्योगांचा पट्टा इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकला. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी ही खेड तालुक्यातील कांद्या-बटाट्याची गावे मोटारींच्या कारखान्यांची गावे झाली. परंतु कारखाना आला म्हणून गावाचे शहर झाले नाही. येथील कंत्राटी कामगार दिवसा यंत्रावर उभा राहतो आणि रात्री शेताच्या कडेला बांधलेल्या पत्र्याच्या खोलीत झोपतो. दिवसा तो औद्योगिक असतो, रात्री ग्रामीण. खोलीच्या मागे गवत माजलेला विकाऊ भूखंड असतो, शेजारी मुरमाचा नाही तर भंगाराचा ढीग, पुढे उघड्यावर टाकलेला कचरा. कचऱ्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. आपण त्याचे बीळ उकरले आणि त्याचे भक्ष्य आपल्या दारात वाढविले.

या भागात आढळणाऱ्या सापांतील बहुसंख्य बिनविषारी आहेत. धामण, दिवड, तस्कर, कवड्या, डुरक्या घोणस यांच्यापासून माणसाच्या जिवाला धोका नाही. जीव घेणारे मुख्यत्वे चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग धान्य, कोंबड्या, उंदीर यांच्या ओढीने घरापाशी येतो. घोणस गवतात, पिकात, बांधावर वेटोळे करून पडून राहते आणि तिच्यावर पाय पडतो. फुरसे दगडमुरमाच्या माळावर असते. आकाराने लहान म्हणून त्याची उपेक्षा होते. मण्यार रात्री हिंडते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाची वेदना नसल्यासारखी असते, खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे माणूस पोटात दुखते म्हणतो, ओकतो. घरचे अपचन समजून ओवा देतात. मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोबडी वळते, घास गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अशी लक्षणे दिसली, तर साप पाहिलेला नसला तरी सर्पदंशाची शंका घेतलीच पाहिजे. ही एक गोष्ट प्रत्येक वस्तीत पोहोचली तरी अनेक जीव वाचतील.

घराभोवती काय करावे? सरपण, गोवऱ्या, विटा, पत्रे, कडबा यांचा ढीग भिंतीला लागून नसावा. तो घरापासून दूर आणि शक्य तर जमिनीपासून उंच रचावा. त्यात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे. धान्य झाकणाच्या कोठीत असावे. कोंबड्यांचे खुराडे झोपण्याच्या जागेला लागून नसावे. भिंतीतील भोके आणि दाराखालची फट बुजवावी, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. अंगणातील गवत कापावे. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि पायात जोडा हवा. सकाळी तो जोडा झटकूनच घालावा. शेतात गमबूट मिळाले तर उत्तम. झोपावयास खाट असावी, ती भिंतीपासून थोडी दूर असावी आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली असावी. खाट परवडत नसेल, तरी जमिनीवर नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारीपासून मोठे संरक्षण देते. फिनेल, लसूण, गंधक टाकून साप येत नाही, या समजुतीवर विसंबून राहू नये.

सापाला मारण्याच्या फंदात पडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते निषिद्ध आहे हे तर खरेच. शिवाय काठी घेऊन सापाच्या अंगावर जाणारा माणूस आपणहून दंशाच्या टप्प्यात जातो. दुरून लक्ष ठेवावे, मुलांना आणि जनावरांना दूर करावे आणि जाणत्या सर्पमित्राला बोलवावे. पण जो सर्पमित्र नाग हातात धरून लोकांपुढे खेळ करतो, त्याला आपण प्रतिष्ठा देऊ नये. आणखी एक गोष्ट. 'साप शेतकऱ्याचा मित्र आहे' हे वाक्य आपण भिंतींवर लिहितो. ते खरे आहे, कारण साप उंदीर खातो. परंतु जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला खाट न देता केवळ हे वाक्य ऐकविणे, ही त्याची थट्टा आहे.

दंश झालाच तर काय करावे, हे आता नीट लक्षात ठेवा. माणसाला धीर द्यावा आणि चालू-पळू देऊ नये. अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण ताबडतोब काढावे, कारण सूज येते. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी किंवा काठी लावून हात किंवा पाय स्थिर ठेवावा. करकचून दोरी आवळू नये. त्याने अवयव निकामी होतो. जखम कापू नये, चोखू नये, तीवर बर्फ वा औषधी पाला लावू नये. दंशाची वेळ लक्षात ठेवावी. साप पकडण्यात वेळ घालवू नये. आपल्याकडचे प्रतिविष, ज्याला लोक सापाची लस म्हणतात, ते या चारही सापांच्या विषावर एकत्रच चालते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात विनामूल्य आहे. ती येण्यास उशीर असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये रुग्णाला बसवून निघावे.

मांत्रिकाचे काय? तो यशस्वी का होतो, हे आपण लोकांना शांतपणे समजावून द्यावे. बहुतेक दंश बिनविषारी सापांचे असतात आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणून मांत्रिकाकडे गेलेली अनेक माणसे वाचतात आणि त्याची कीर्ती वाढते. ज्याच्या अंगात खरोखर विष गेले आहे, तो मात्र मंत्र ऐकत मरतो, आणि त्याचे मरण दैवाच्या खात्यावर लिहिले जाते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सर्पदंश झालेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी पुण्यात खून झाला. कायदा आपल्यापाशी आहे. परंतु दवाखान्याचे दार रात्री बंद असेल, तर लोक पुन्हा मांत्रिकाच्याच दारात जातील. आरोग्यकेंद्र रिकामे ठेवून अंधश्रद्धेवर व्याख्याने देणे हा अर्धा प्रामाणिकपणा होय.

येथे मला पिंपरीची आठवण करून द्यावयाची आहे. घोड्याला सापाच्या विषाची अल्प मात्रा वाढवीत वाढवीत देतात, त्याच्या रक्तात विषाला मारक द्रव्य तयार होते आणि ते शुद्ध करून प्रतिविष बनते. हे काम करणारी हाफकिन ही सार्वजनिक संस्था मुंबईची. तिच्या जीव-औषध निर्माण महामंडळाचे प्रतिविषाचे केंद्र पिंपरीतच आहे. म्हणजे ज्या औषधाने माणूस वाचतो, ते सार्वजनिक पैशातून आपल्या दारात तयार झाले आहे. तरीही चाकणच्या पलीकडच्या वाडीतला माणूस वाटेत मरू शकतो, याचा दोष विज्ञानाचा नव्हे, वाटपाचा आहे.

हे मरण कसे येते? रुग्ण प्राथमिक आरोग्यकेंद्रात येतो. डॉक्टर नसतात, किंवा प्रतिविषाची प्रतिक्रिया येईल या भीतीने ते पहिली मात्राही न देता 'पुढे न्या' म्हणतात. पुढे म्हणजे चाकणच्या चौकातून, जेथे तळेगाव-शिक्रापूर आणि पुणे-नाशिक हे दोन्ही रस्ते मालमोटारींनी तुंबलेले असतात. प्रतिक्रिया आली तर तीवर ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन आहे. रक्त गोठते की नाही हे पाहावयास स्वच्छ काचेची एक नळी आणि वीस मिनिटे पुरतात. विषाची लक्षणे दिसताच मोठ्या माणसाइतकीच मात्रा लहान मुलालाही द्यावी लागते, कारण सापाने विष मूल पाहून कमी सोडलेले नसते. यांतले काहीही महागड्या यंत्रावाचून अडत नाही. याच पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी वर्षानुवर्षे सर्पदंशाचे रुग्ण वाचविले आहेत. ग्रामीण भागात हे शक्य आहे याचा याहून जवळचा पुरावा कोणता?

संघटना काय करू शकते याचे उदाहरण नेपाळच्या तराईत आहे. तेथील दमक भागात काही गावांनी लोकशिक्षणाबरोबर मोटारसायकलस्वार स्वयंसेवकांची यादी केली. दंश झाला की ठरलेला स्वयंसेवक रुग्णाला थेट उपचारकेंद्रात नेई. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, दंश झालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण शंभरात दहाहून अधिक होते, ते एकाहूनही खाली आले. चाकणच्या पट्ट्यात मोटारसायकलींची वाण आहे काय? त्या येथेच तयार होतात, आणि आपल्या प्रत्येक शाखेत त्या चालविणारे दहा तरुण आहेत.

शेवटी मागण्या. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक आरोग्यकेंद्रात प्रतिविषाचा आणि ॲड्रिनॅलिनचा साठा किती आहे, हे फलकावर लिहिले गेले पाहिजे. रात्री डॉक्टर हजर पाहिजे आणि विषाची लक्षणे दिसत असतील तर पहिली मात्रा दिल्यावाचून रुग्ण पुढे पाठविता कामा नये. ठेकेदाराच्या मजूरवस्तीत खाट, दिवा आणि बंद होणारे दार ही मेहेरबानी नव्हे, कामाची अट ठरली पाहिजे. खोल्यांची भाडी घेणाऱ्या आपल्याच गावकऱ्यांनाही हे सांगण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे.

आणि भरपाई. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत सर्पदंशाने मृत्यू आल्यास दोन लक्ष रुपयांचे साहाय्य आहे. पण ते खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीपुरते. त्याच शेतात मजुरीने कांदा काढणारी बाई, वीटभट्टीवरचा मजूर, परप्रांतीय कंत्राटी कामगार यांच्या नावे सातबारा नाही, म्हणून त्यांच्या मरणाला किंमत नाही. ही रेषा पुसण्याची मागणी आपली असली पाहिजे. त्यासाठी मृत्यूची नोंद हवी. केंद्र सरकारने २०२४ साली सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि प्रत्येक दंशाची व मृत्यूची नोंद बंधनकारक करण्यास राज्यांना सांगितले. दिल्लीच्या कागदावरची ही नोंद आपल्या गावात होते की नाही, हे पाहणे आपले काम आहे.

तेव्हा प्रत्येक शाखेने मृगापूर्वी आपल्या वस्तीची पाहणी करावी: किती घरांत माणसे जमिनीवर झोपतात, किती वाटांवर दिवा नाही, सर्वांत जवळचे प्रतिविष कोठे आहे आणि तेथे रात्री कोण असते. मोटारसायकलस्वारांची नावे दर चाळीच्या भिंतीवर लिहावीत. ती यादी हाती घेऊनच मग आपण तहसीलदाराकडे जाऊ.