गणित रुग्णाच्या उशाशी



हृदयपंपांच्या गणितावरील या परिषदेसाठी आपण डॉक्टर, अभियंते आणि विद्यार्थी बेंगळुरूच्या येलहंक्यात जमलो आहोत. बेंगळुरू वसवणारे केंपेगौडा हे याच येलहंक्याचे नाडप्रभू. पुढे 1638 मध्ये विजापूरकरांनी बेंगळुरू जिंकले आणि शहाजीराजांचा मुक्काम इथे पडला. त्यामुळे मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. आज येलहंक्याची ओळख हवाई दलाच्या तळाची आहे. 1996 पासून ‘एअरो इंडिया’ हे विमानांचे प्रदर्शन इथेच भरते.

थकलेल्या हृदयाला आधार देणाऱ्या पंपांची चर्चा विमानांच्या गावात व्हावी, हे मला अगदी उचित वाटते. पंखावरून वाहणारी हवा आणि पंपातून वाहणारे रक्त यांची मूळ समीकरणे एकच आहेत. नासातील अभियंते डेव्हिड सॉसिअर यांच्यावर 1984 मध्ये हृदयरोपण झाले. बरे झाल्यावर त्यांनी डॉ. मायकेल डिबेकी यांच्यासोबत छोट्या हृदयपंपाचा ध्यास घेतला. सुरुवातीच्या पंपात तांबड्या पेशी फुटत, रक्त साकळे. तेव्हा स्पेस शटलच्या इंजिनातील प्रवाह तपासणारे गणित नासाच्या एम्स केंद्रातील सेतिन किरिस आणि डोचान क्वाक यांनी रक्ताकडे वळवले. त्यावरून पंपाची रचना सुधारली आणि 1998 मध्ये युरोपात तो पहिल्यांदा रुग्णाच्या छातीत बसला.

पेच आजही तोच आहे. मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलायचे. पंपातल्या फिरत्या चक्राच्या फटीत ताण वाढला तर पेशी फुटतात, प्रवाह कुठे रेंगाळला तर गुठळी होते. रक्ताची जागा लक्षावधी बारीक तुकड्यांत विभागून संगणक प्रत्येक ठिकाणचा वेग आणि ताण सांगतो. पण त्याचे उत्तर पडद्यावर देखणे दिसले म्हणून खरे ठरत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मध्ये अरुंद गळा असलेली एक साधी नळी जगभरच्या संशोधकांना सोडवायला दिली होती. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 28 गणिते आली, आणि त्यांतली कित्येक प्रयोगातील मोजमापाशी जुळली नाहीत. नळीची ही गत, तर फिरत्या पंपाचे गणित किती कसून तपासायला हवे!

आपल्याकडे धाडसाची उणीव कधीच नव्हती. डॉ. बर्नार्ड यांनी केलेल्या माणसाच्या हृदयाच्या जगातल्या पहिल्या रोपणानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1968 मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी हृदयरोपण केले. रुग्ण काही तासांतच दगावला, पण वाट खुली झाली. आज दात्यांची हृदये अपुरी पडतात आणि परदेशी पंप सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहेत. कानपूरच्या आयआयटीने देशी हृदयपंपाचा ‘हृद्यंत्र’ प्रकल्प हाती घेतला तो याच गरजेपोटी. फसणारी रचना धातूत उतरण्याआधीच संगणकावर बाद झाली, तर देशी पंपाचा वेळ आणि पैसा वाचेल. पण त्यासाठी गणितात आपल्याच रुग्णांची शरीरयष्टी, त्यांचे रक्तदाब, त्यांची हृदये यायला हवीत.

म्हणून डॉक्टरांना माझी विनंती आहे: वॉर्डातले अनुभव संकोच न करता मांडा. अभियंत्यांनाही विनंती आहे: न जुळलेली उत्तरेसुद्धा दाखवा.

 परिषदेचा निरोप घेताना कोणते मॉडेल कोणत्या प्रयोगावर, कोणत्या रुग्णालयासोबत पारखायचे, याचा ठराव आपल्या हाती असावा, एवढी अपेक्षा व्यक्त करतो.