फिरतीचा माणूस आणि पोहण्याचा नाद

ज्याला महिन्यांतून दहापंधरा दिवस परगांवीं काढावे लागतात, त्याला आपल्याकडे ‘फिरतीचा माणूस’ म्हणतात. पूर्वीं हा वर्ग लहान होता. शाळातपासनीस, रेल्वेचे गार्ड, विम्याचे प्रतिनिधि, औषधांचे विक्रेते, एवढ्यांचाच त्यांत समावेश होई. आतां तसें राहिलें नाहीं. यंत्रें बसविणारे, हिशेब तपासणारे, संगणकाचें काम पाहणारे, अशा कितीतरी स्त्रीपुरुषांची बॅग घरांत कायम भरलेलीच असते. सोमवारीं पहाटे घर सोडावें, गुरुवारीं रात्रीं परत यावें, आणि शुक्रवारीं कचेरींत प्रवासभत्त्याचें बिल लिहीत बसावें, असा यांचा क्रम असतो. अशा माणसाला पोहण्याचा नाद असेल तर त्यानें तो कसा टिकवावा, आणि टिकवितांना घरच्या माणसांचा वांटा कसा राखावा, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी स्वतः शाळामास्तर. माझी नोकरी एका ठिकाणची, आणि तीहि नदीकांठच्या गांवची. त्यामुळें पोहण्यासाठीं मला कधीं वेळापत्रक पाहावें लागलें नाहीं. परंतु माझ्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळजण आज फिरतीवर आहेत. सुटींत ते भेटावयास येतात, नोकरीच्या गोष्टी निघतात, आणि कोणी तरी हटकून म्हणतो, “गुरुजी, पोहणें सुटलें.” हें सांगतांना त्यांचा स्वर एखादा जुना स्नेही दुरावल्यासारखा होतो. म्हणून या प्रश्नाचा मीं थोडा विचार केला, आणि ज्यांचें पोहणें सुटलें नाहीं अशांनाहि विचारून पाहिलें.

प्रथम अडचण कोठें आहे तें पाहूं. चालणें, नमस्कार घालणें, दंडबैठका काढणें, हे व्यायाम माणसाबरोबर प्रवास करूं शकतात. नमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते. पोहण्याला मात्र पाणी लागतें, आणि तें आपल्या सवडीनें मिळत नाहीं. गांवची विहीर केव्हांहि उघडी असे. शहरांतील तलाव पाळीनें चालतो. सकाळच्या सहाची पाळी चुकली तर सातची मिळेलच, असें नाहीं. महिन्याची वर्गणी भरलेली असते, आणि त्यांतले निम्मे दिवस हा गृहस्थ नागपुरास नाहीं तर हुबळीस असतो. पैसे वायां जातात त्याहून अधिक मन खट्टू होतें, आणि तीनचार महिन्यांनीं वर्गणी भरणेंच बंद पडतें. ही झाली पोहणें सोडून देण्याची रीत.

दुसरी एक रीत आहे, ती दिसावयास चांगली. पण घराला ती जड जाते. परगांवीं चुकलेलें पोहणें घरीं आल्यावर भरून काढावयाचें, असा कांहींजण निश्चय करतात. शनिवारची सकाळ तलावावर, रविवारची सकाळ तलावावर, आणि सोबत मंडळी जमली कीं तेथून चहाला. घरच्यांच्या वांट्याला उरतात ओले कपडे आणि दुपारची झोंप. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरीं मी जेवावयास गेलों होतों. बोलतां बोलतां त्याची पत्नी हंसत हंसत म्हणाली, “गुरुजी, हे गाडींतून उतरतात ते थेट तलावावर. घर म्हणजे यांचें मधलें स्टेशन.” सगळे हंसले, पण तोहि हंसला तो खालीं मान घालून. बोल विनोदाचा असला तरी त्यांत वर्षाची थकबाकी सांठलेली होती.

मला असें वाटतें कीं, या माणसाच्या हिशेबांतील मुख्य चूक वेळ कोणत्या खात्यांतून काढावा येथें आहे. फिरतीच्या माणसाजवळ वेळ नसतो, हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. त्याच्याजवळ घरचा वेळ नसतो. परगांवचा वेळ मात्र पुष्कळ असतो. काम सहाला आटोपतें. जेवण नऊला. मधले तीन तास तो लॉजच्या खोलींत पलंगावर आडवा होऊन मोबाइल पाहत काढतो, किंवा खालच्या हॉटेलांत भूक नसतांना भजीं मागवितो. हे तास मालकाचे नाहींत आणि घराचेहि नाहींत. पोहण्यासाठीं वेळ काढावयाचा तो येथून. परगांवची संध्याकाळ पाण्याला द्यावी आणि घरची संध्याकाळ घराला, एवढा एक नियम पाळला तर पुष्कळ तंटे मिटतील.

याला थोडी पूर्वतयारी लागते. मुक्कामाची खोली ठरवितांना आपण स्टेशन किती दूर आणि जेवण कसें, हें विचारतों. त्याबरोबर जवळ सार्वजनिक तलाव आहे काय, हेंहि विचारावें. महाराष्ट्रांतील पुष्कळ शहरांत नगरपालिकेचे वा महानगरपालिकेचे तलाव आहेत. दादरला शिवाजी पार्काजवळचा महात्मा गांधी तलाव आणि पुण्यास डेक्कन जिमखान्यावरील टिळक तलाव, हीं नांवें तर पोहणाऱ्या मंडळींच्या तोंडीं बसलेलीं आहेत. परंतु नांव ठाऊक असून भागत नाहीं. बाहेरगांवच्या माणसाला एका दिवसापुरता प्रवेश मिळतो काय, साप्ताहिक सुटी कोणती, डॉक्टरचा दाखला लागतो काय, हें निघण्यापूर्वीं फोनवर विचारून घ्यावें. दारापर्यंत जाऊन परत फिरलेला माणूस पुन्हां सहसा जात नाहीं. चड्डी, टोपी, पाण्याचा चष्मा आणि एक पंचा, एवढें सामान बॅगेच्या एका कप्प्यांत कायमचें असूं द्यावें. जाड टॉवेल दुसऱ्या दिवशींहि ओला राहतो. पंचा पंख्याखालीं रात्रींतून वाळतो.

आतां कोणी म्हणेल, “असें अधूनमधून पोहून काय होणार? नेम तो नेम.” शिक्षक या नात्यानें मलाहि नेमाचा अभिमान आहे. तथापि शरीराचा हिशेब आपल्या समजुतीपेक्षां उदार असतो. अमेरिकेंत १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. कांहीं लोकांना १० आठवडे, आठवड्यांतून ६ दिवस, रोज ४० मिनिटें दमाचा व्यायाम दिला. त्यांचा दम चांगला वाढला. मग पुढील १५ आठवडे कांहींजणांचे दिवस ४ वर आणि कांहींजणांचे २ वर आणले, पण व्यायामाचा जोर पूर्वींइतकाच ठेवला. वाढलेला दम दोनच दिवस व्यायाम करणाऱ्यांतहि टिकून राहिला. पुढें जोर कमी करून पाहिला, तेव्हां मात्र तो उतरूं लागला. हा व्यायाम सायकलीचा व धांवण्याचा होता. परंतु त्यांतील बोध पोहणाऱ्यालाहि घेतां येईल. आठवड्यांतून दोनदां पाण्यांत उतरावें, पण उतरल्यावर नुसतें कांठाला धरून गप्पा मारूं नयेत. २५ मीटरांच्या तलावांत २० फेऱ्या म्हणजे ५०० मीटर होतात. सरावलेल्या माणसाला त्यासाठीं अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाहीं.

नोकरी आणि पाणी यांच्या ओढाताणीचें एक ठळक उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. कोल्हापूरचे वीरधवल खाडे २००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकमध्यें पोहले, आणि २०१० सालीं ग्वांगजौच्या आशियाई स्पर्धेंत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. पोहण्यांतील आशियाई पदक भारताला १९८६ नंतर, म्हणजे २४ वर्षांनीं मिळालें होतें. पुढें त्यांना सरकारनें तहसीलदार नेमलें. तहसीलदाराचें काम म्हणजे सकाळसंध्याकाळ लोकांच्या अडीअडचणी. त्यांत सराव मागें पडला. तरी ते पुन्हां पाण्याकडे वळले, आणि २०१८ सालीं जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेंत ५० मीटरांच्या शर्यतींत चौथे आले. तिसरा क्रमांक हुकला तो सेकंदाच्या एका शतांशानें! आपणां सामान्यांना पदकें मिळवावयाचीं नाहींत. परंतु अंगीं मुरलेलें पोहणें वर्षांच्या खंडानेंहि विसरत नाहीं, एवढा धीर यांतून घेतां येतो. म्हणून “पोहणें सुटलें” असें म्हणणाऱ्यांना मी सांगतों, तें राहिलें असेल, सुटलेलें नाहीं.

आतां घराकडे वळूं. फिरतीचा माणूस घरीं असतो त्या आठवड्यांत त्यानें एकदांच तलावावर जावें, आणि एकट्यानें जाऊं नये. मुलांना घेऊन जावें. आमच्या लहानपणीं पाठीला सुका भोपळा किंवा रॉकेलचा रिकामा डबा बांधून काका-मामा विहिरींत सोडीत. चार गटांगळ्या खाल्ल्या, नाकांतोंडांत पाणी गेलें, कीं आठ दिवसांत पोहतां येई. शहरांतील मुलांना ती विहीर नाहीं आणि तसे काका-मामाहि जवळ नाहींत. पोहणें शिकविणारे वर्ग आहेत, ते चांगलेहि आहेत. परंतु पहिली भीति मोडावयास ओळखीचा हात लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें ३ लक्ष माणसें बुडून मरण पावलीं, आणि त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा होता. ज्या बापाला पोहतां येतें त्याच्या मुलाला तें येऊं नये, ही गोष्ट मला खेदाची वाटते. शिवाय दुसरा एक लाभ आहे. पाण्यांत मोबाइल नेतां येत नाहीं. आठवडाभर दूर असलेला बाप तेवढा अर्धा तास मुलाच्या हातीं पुरता लागतो.

माझ्या ओळखीच्या एका घरीं भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावला आहे. वडील ज्या गांवीं पोहले त्या गांवावर त्यांची नऊ वर्षांची मुलगी लाल टिकली लावते. रात्रीं फोन आला कीं तिचा पहिला प्रश्न, “बाबा, आज कुठल्या गांवचं पाणी?” सोलापूर, नाशिक, अकोला, अशीं गांवें तिला ठिकाणांसह पाठ झालीं आहेत. वडिलांची फिरती ही त्या घरांत नुसती गैरहजेरी राहिलेली नाहीं. भूगोल शिकविण्याची ही युक्ति मला सुचली नव्हती, याचें थोडें वैषम्य वाटलें.

येथें भगिनीवर्गाचीहि एक बाजू मांडली पाहिजे. पति तलावावर असतो तेव्हां घरीं मुलांजवळ कोण असतें, हा प्रश्न पुरुषांनीं स्वतःला विचारावा. पुष्कळ तलावांवर स्त्रियांसाठीं स्वतंत्र पाळी असते. पति गांवीं असेल त्या आठवड्यांत दोन संध्याकाळीं स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास त्यानें पाहावा, आणि पत्नीनें पाण्यांत उतरावें. पोहणें नको असेल तर तो वेळ तिनें आपल्या दुसऱ्या आवडीला द्यावा. जेथें पत्नीच फिरतीवर असते, तेथें हाच नियम उलट लावावा. तिला परक्या गांवीं अंधार पडल्यावर तलावावरून परतणें सोयीचें नसतें. म्हणून तिला घरच्या आठवड्यांत एक सकाळ अधिक मिळावी, हें न्यायाचें होईल.

शेवटीं एक इशारा. फिरतीच्या माणसाला नवीं नवीं पाणीं भेटतात, आणि मोह होतो. मॅथ्यू वेब नांवाचा इंग्रज दर्यावर्दी १८७५ सालीं इंग्लिश खाडी पोहून गेला. सुमारें पावणेबावीस तास तो पाण्यांत होता. कसल्याहि आधारावांचून ती खाडी ओलांडणारा तो पहिला मनुष्य. तोच वेब १८८३ सालीं नायगाराच्या धबधब्याखालील भोंवऱ्यांत उतरला आणि मरण पावला. पट्टीचा पोहणारा असणें आणि पाणी ओळखीचें असणें, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. परगांवच्या नदींत, धरणांत किंवा कोंकणच्या समुद्रांत एकट्यानें उतरूं नये. गांवकऱ्यांना विचारावें, आणि ते ‘नको’ म्हणाले तर तेथेंच विषय संपवावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि पावसाळ्यांत समुद्राला लांबूनच नमस्कार करावा. समुद्राची ओढ आंत नेऊं लागली तर तिच्याशीं समोरासमोर झुंजूं नये. किनाऱ्याला समांतर पोहून तिच्यांतून बाहेर पडावें आणि मग कांठ गांठावा. विहिरींत सूर मारण्याआधीं वर येण्याच्या पायऱ्या पाहाव्या. हल्लींच्या पुष्कळ विहिरींना त्या नसतात. तळ ठाऊक नसेल तेथें सूर मारूंच नये. रात्रभर गाडींत जागून सकाळीं पाण्यांत उतरावयाचें असेल, तर अंग थकलेलें आहे हें ध्यानांत ठेवून तलावाच्या उथळ बाजूला चार सावकाश फेऱ्या घालाव्या आणि समाधान मानावें. परगांवीं आपली वाट पाहणारें कोणी नसतें. घरीं मात्र असतें.

श्रोतेहो, नोकरी फिरतीची असो वा एका जागची असो, ती एक दिवस संपते. मग तलावावर जावयास वेळच वेळ मिळतो. परंतु मुलें तोंवर मोठीं होऊन स्वतःच फिरतीवर गेलेलीं असतात. तीं घरांत आहेत तोंवर त्यांचा हात धरून पाण्यांत उतरण्याची जी थोडी वर्षें आहेत, तीं चुकवूं नयेत, एवढीच या वृद्ध शिक्षकाची विनंति.