दोन अशोक
(वर्धापनदिनी मंडळात दिलेले भाषण)



आमच्या शेजारच्या वहिनींना पाळीच्या वेळी अंगावरून फार जात असे. कोणीतरी अशोकाच्या सालीचा काढा सांगितला. साल काढली ती आवारातल्याच उंच, सरळसोट झाडाची! दोन महिने काढा चालला, डॉक्टरांकडे जाणे लांबले आणि शेवटी रक्त चढवावे लागले. खऱ्या अशोकाने त्या बऱ्या झाल्याच असत्या, असे मी म्हणत नाही. पण प्याल्या तो अशोकच नव्हता.

आपण तोरणाला ज्याची पाने लावतो तो हा खोटा अशोक, सीताफळाच्या कुळातला. फुले हिरवट. आयुर्वेदातला अशोक चिंचेच्या कुळातला, डेरेदार. त्याला केशरी-तांबड्या फुलांचे घोस येतात आणि चपट्या शेंगा लागतात. झाड पाहिले तर पोरही ओळखील. बाजारात मात्र येते वाळकी साल, नाहीतर चूर्ण. खरा अशोक दुर्मिळ झालेला, खोटा हवा तितका!

जिभेवर विसंबू नका. तुरट तर बाभळीची सालही लागते. काढ्यात फेरिक क्लोराइड घातले की टॅनिनमुळे तो काळपट होतो, पण टॅनिन कितीतरी सालींत असते. तेव्हा हीही परीक्षा अपुरीच.

खरी परीक्षा क्रोमॅटोग्राफीची. नाव अवघड, काम सोपे. टिपकागदावरच्या शाईच्या ठिपक्यातून पाणी वर चढले की शाईतले रंग वेगळे होतात, तसेच हे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेट यांनी १९०६ साली या रीतीला हे नाव दिले. सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर अर्कांचे ठिपके शेजारी शेजारी देतात व तिची खालची कड द्रावणात बुडवतात. द्रावण वर चढते, आणि एकेक द्रव्य आपापल्या उंचीवर राहते. मग फवारा मारून पट्टी तापवली की रेघा उमटतात. खऱ्या सालीत कॅटेचिन व त्याच्या जातीची द्रव्ये सापडतात; खोट्या सालीत डायटर्पीने आणि काही अल्कलॉइडे. मात्र ताडून पाहायची साल ओळख पटलेल्या झाडाचीच हवी, नाहीतर चोराला चोर साक्षीदार!

अशी एक पट्टी मी आणली आहे. पहिला ठिपका खऱ्या अशोकाचा, दुसरा आमच्या आवारातल्या झाडाचा, तिसरा बाजारातून आणलेल्या पुडीचा. चहा येईपर्यंत ती हातोहात फिरवा, आणि तिसऱ्याच्या रेघा कोणाशी जुळतात ते तुम्हीच मला सांगा.