पाणी उताराकडेच जाते

मी नववीत शिकतो आणि हिंदमाताजवळच्या एका चाळीत तळमजल्यावर राहतो. हिंदमाता म्हटले की कपड्यांची दुकाने आठवतात, आणि पावसात तुंबलेले पाणी. मे संपत आला की आई तांदळाचा डबा आणि आमची पुस्तके माळ्यावर चढवते. म्हणून सुट्टीतल्या पर्यावरण शिबिरात नाव घातले तेव्हा मनात एकच प्रश्न होता : हे पाणी आमच्याकडेच का येते?

शिबिरातल्या ताईंनी आधी जुना नकाशा पुढे ठेवला. मुंबई सात बेटे जोडून झाली. मधल्या खाड्या बुजवल्या, तरी अनेक ठिकाणी सखलपणा राहिला. मग गवंडी पातळी काढायला वापरतात तशी पाण्याची नळी घेऊन आम्ही रस्त्यावर उतरलो. दादरकडून आणि परळकडून, दोन्ही बाजूंनी रस्ता हिंदमाताकडे उतरतो. आमचा चौक म्हणजे बशीचा तळच.

इथले पाणी भूमिगत नाल्यांतून पूर्वेला रे रोडकडच्या किनाऱ्यावर जाते. भरतीला समुद्रच वर चढतो, मग ते जाणार कुठे? त्यासाठी २०१६ मध्ये ब्रिटानिया उदंचन केंद्र सुरू झाले. तिथले पंप पाणी समुद्रात फेकतात. पुढे दादर आणि परळच्या मैदानांखाली साठवण टाक्याही बांधल्या गेल्या. शहरातले जुने नाले तासाला सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले. ती क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची योजना १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात मांडली गेली. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असा पाऊस एकट्या पंपांनी कसा आवरणार?

याचे उत्तर शोधायला ताई आम्हाला धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात घेऊन गेल्या. मिठी नदीकाठची ही सुमारे ३७ एकर जागा पूर्वी कचराभूमी होती. आज तिथे दाट झाडी आहे. १९९४ मध्ये हे उद्यान लोकांसाठी खुले झाले. ताईंनी तिथल्या पाचोळ्यावर बादलीभर पाणी ओतले. ते पाहता पाहता जिरले. तेवढेच पाणी फरसबंद वाटेवर ओतले, तर ते उतारावरून धावत सुटले. ताई एवढेच म्हणाल्या, ‘‘हे आता कोणाच्या दारात जाईल?’’

हा प्रश्न मी घरी घेऊन आलो, कारण आमच्या चाळीचा पुनर्विकास व्हायचा आहे. नव्या इमारतीत आम्हाला वरचा मजला मिळेल. आमच्या घरात पाणी शिरणार नाही. पण अंगणातली माती सिमेंटखाली गेली, तर तिथे जिरणारे पाणी समोरच्या चाळीच्या तळमजल्याकडे वळेल. तिथे माझा मित्र राहतो.

शिबिरातल्या आम्ही चार मुलांनी रहिवासी समितीला अर्ज दिला : पिंपळाभोवतीची माती उघडी ठेवा आणि गच्चीवरचे पाणी जमिनीत मुरवा. सेक्रेटरीकाकांनी तो नीट वाचला. म्हणाले, ‘‘बाळा, दोन गाड्यांची जागा जाईल. लोक ऐकतील का?’’ आजोबा म्हणाले, ‘‘विचारून तर बघू.’’

पुढच्या सभेत अर्ज वाचला जाणार आहे. श्रोतेहो, तुमच्याही सोसायटीत अंगणाला फरशी घालायचा विषय निघेल. तेव्हा एवढेच विचारा, हे पाणी पुढे कोणाच्या दारात जाईल?