तिला विचारलं का?

(बाभुळगाव येथे तालुक्यातील बचत गटांच्या आणि कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



या सभागृहाच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. सकाळी आपण सगळ्याजणी त्या चढून आलो, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ज्या बायांबद्दल मी आज बोलणार आहे, त्यांच्यातली एकही इथं बसलेली नाही. निमंत्रण सगळ्यांना होतं, पण जागा ठरवताना हा विचार कुणी केला नाही. जागा ठरवणाऱ्यांत मीही होते. म्हणून सुरुवात स्वतःपासूनच करते.

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं, एम.एस.डब्ल्यू. झाले आणि बरीच वर्षं याच भागात काम करते आहे. काही वर्षांपूर्वी एका शिबिरातून आम्ही एका बाईला तीनचाकी सायकल मिळवून दिली. पोलिओनं तिचे दोन्ही पाय लहानपणीच गेलेले. वय चाळिशीच्या आसपास, लग्न झालेलं नाही, भावाच्या घरी राहते. कागद मी गोळा केले, तिला न्यायला जीप मी ठरवली. सायकल घेताना पाहुण्यांसोबत तिचा फोटो निघाला आणि माझ्या अहवालात एक लाभार्थी वाढली.

पावसाळा संपल्यावर मी तिच्याकडे गेले. सायकल गोठ्यात उभी होती, तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. आपली काळी माती तुम्हाला ठाऊक आहे. पावसात जिथं बैलगाडीचं चाक रुततं, तिथं हातानं फिरवायची सायकल काय चालणार? तरी मी जरा रागानंच विचारलं, "वापरत काऊन नाही?" ती म्हणाली, "ताई, गाडी मागतली कोनं होती? मले संडासात जाता येत नाही. तीन पायऱ्या हायेत. दिवस बुडला का मी पानी पेत नाही, म्हंजे राती उठा लागत नाही."

घरात संडास होता. स्वच्छ भारत अभियानातलं १२,००० रुपये अनुदान घेऊन बांधलेला. जोतं उंच, दार अरुंद, आत धरायला काही नाही. संडास बांधताना तिला कुणी विचारलं नाही, सायकल देतानाही नाही. माझ्या गृहभेटीच्या फॉर्मवरची सगळी उत्तरं तिच्या वहिनीनं दिली होती. ती स्वतः तिथंच, दीड हातावर बसलेली होती. तिला काय हवं, हे मीही विचारलं नव्हतं.

ही चूक माझ्या एकटीची असती तर भर सभेत सांगितली नसती. पण अपंग बाईच्या वतीनं दुसऱ्यानं ठरवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ती कुठवर जाते ते १९९४ साली महाराष्ट्रानं पाहिलं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या शासकीय संस्थेत मतिमंद मुली राहत होत्या. त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांच्यातल्या दहाहून अधिक मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. कारण काय सांगितलं? पाळीच्या दिवसांत त्यांना स्वतःची स्वच्छता ठेवता येत नाही. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या, आरोग्य चळवळीतले लोक पुढे आले आणि पुढच्या शस्त्रक्रिया शासनाला थांबवाव्या लागल्या.

तेव्हा मी अगदी लहान होते. हे सगळं मी पुढे शिकताना वाचलं. वर्गात आमच्यातल्याच काहीजणी म्हणाल्या, "पण त्या मुलींचा सांभाळ करणाऱ्यांचेही हाल असतात ना?" असतात. पण त्यावरचा उपाय म्हणजे पुरेशा सेविका, कपडे, पाणी, न्हाणीघर आणि धीरानं शिकवणारं माणूस. हा खर्च वाचवण्यासाठी मुलीचं गर्भाशय काढायचं, याला सेवा म्हणता येत नाही. शिवाय गर्भाशय काढल्यानं पाळी थांबते, बलात्कार थांबत नाही. दिवस जाणार नाहीत एवढंच. म्हणजे अत्याचार झाला तरी तो उघडकीला येण्याची एक वाट बंद होते.

पुढे कायदे झाले. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ती २१ झाली. या कायद्याचं दहावं कलम सांगतं की मूल होण्याची क्षमता जाईल अशी कोणतीही शस्त्रक्रिया त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. अपंग स्त्रीचा गर्भपात तिच्या स्पष्ट संमतीशिवाय केला, तर किमान सहा महिने आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र अपंगत्व तीव्र असेल तर डॉक्टरचं मत आणि पालकाची संमती पुरते, ही फट त्यात ठेवलेली आहे. तिच्यावर आपली नजर हवी.

त्याआधी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे चंदीगडचं प्रकरण आलं होतं. शासकीय आश्रयगृहातल्या एका मतिमंद युवतीवर बलात्कार झाला आणि तिला दिवस गेले. प्रशासनाला गर्भपात करायचा होता, उच्च न्यायालयानंही तसा आदेश दिला होता. ती मात्र मूल हवं म्हणत होती. सर्वोच्च न्यायालयानं तिचं म्हणणं मानलं. त्या निकालाचं मोल मला यात वाटतं, की शेवटी एकदा कुणीतरी तिला विचारलं आणि तिचं उत्तर धरलं.

आता आपल्या गावांकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यात १ कोटी १८ लाख स्त्रिया. महाराष्ट्रातला एकूण आकडा साडेएकोणतीस लाखांच्या वर. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या राज्यानं दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभागही काढला. 'अपंग'चं 'दिव्यांग' झालं. नाव बदललं म्हणून पायरी खाली आली नाही.

सगळ्या योजनांचं दार म्हणजे प्रमाणपत्र. बहुतेक लाभांना किमान ४० टक्के अपंगत्वाची नोंद लागते. एका बहिऱ्या मुलीला घेऊन मी तपासणीला गेले, तर कानाचं यंत्र बंद. दुसऱ्यांदा गेलो, डॉक्टर रजेवर. तिसऱ्या खेपेला कापूस वेचणी सुरू झाली होती, आई म्हणाली, "आता नाही जमत, ताई." दोन दिवसांची मजुरी आधीच बुडाली होती. त्याच वस्तीत एका अपंग मुलाच्या बापानं पाच खेपा घातल्या आणि प्रमाणपत्र काढलं. मुलाला नोकरी लागेल ही आशा होती. मुलीचं प्रमाणपत्र काढलं तर तिचं व्यंग सरकारी कागदावर चढेल आणि लग्न अडेल, ही भीती होती.

प्रमाणपत्र निघालं की संजय गांधी निराधार अनुदान. १९८० पासूनची ही योजना. २०२३ मध्ये रक्कम महिना १५०० रुपये झाली आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २५०० करण्याचा निर्णय झाला. पैसे जमा झाले का, हे आपण विचारतो. पासबुक कुणाच्या पेटीत आहे, हे विचारत नाही. कायद्यानं अपंग व्यक्तीला आपला पैसा स्वतः हाताळण्याचा हक्क दिला आहे. पण हयातीच्या दाखल्यापुरती तिला उचलून न्यायची आणि घरी आल्यावर पैसे भावानं ठेवायचे, असं मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे. भाऊ वाईट असतात असं नव्हे. तिला पैशांचं काय काम, असं त्यांना मनापासून वाटतं.

आणि आपण? आपल्या किती गटांत अपंग बाई सभासद आहे? "ती हप्ता कुठून भरणार?" असं आपणच म्हणतो. नवरा मारतो म्हणून आलेल्या बाईला आपण एकटीला बसवून बोलतं करतो. बहिरी बाई आली की तिच्या सासूला विचारतो.

म्हणून तीन कामं सांगते.

एक. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हिशेब मागा: किती रुपये, कशावर, आणि त्यात बाया किती? गरिबी निर्मूलनाच्या योजनांतही ५ टक्के राखीव आहेत आणि त्यात अपंग स्त्रियांना प्राधान्य आहे.

दोन. अपंग बाईवर अत्याचार होतोय अशी शंका आली, तर कुणीही व्यक्ती किंवा संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या तहसीलदारांनाही, कळवू शकते. बलात्काराच्या प्रकरणात अपंग बाईचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, तिची भाषा समजणाऱ्या दुभाष्यासमोर घ्यावा लागतो, त्याचं चित्रीकरणही करावं लागतं. २०१३ पासून हे कायद्यात आहे. पोलिसांना ते माहीत नसेल तर सांगा.

तीन. घरी गेल्यावर आधी तिच्याजवळ जाऊन बसा. वहिनीनं उत्तर दिलं तर ऐकून घ्या, मग तोच प्रश्न तिला विचारा. वेळ लागला तर लागू द्या.

त्या बाईच्या संडासाचा विषय आम्ही ग्रामसभेत नेला. ग्रामसभा उंच ओट्यावर भरते. भाच्याच्या पाठीवरून ती आली, पण ओट्यावर चढवू देईना. म्हणाली, मी खाली लिंबाखालीच बसते, ज्याले आयकाचं त्यानं खाली यावं. सरपंच आधी हसले, मग खाली आले. ती स्वतः बोलली. तरी पुढे आणखी एक ग्रामसभा आणि कितीतरी चकरा लागल्या, तेव्हा कुठं ५ टक्क्यांच्या निधीतून उतार झाला आणि आत लोखंडी दांडी बसली. दार अजून अरुंदच आहे. सायकलही गोठ्यातच आहे.

पण ती आता रात्री पाणी पिते.

पुढचा मेळावा पायऱ्या नसलेल्या जागी घ्यायचा, एवढा ठराव आज करूया. त्या दिवशी या विषयावर मी बोलणार नाही. बोलायला ती असेल.