दोन पदव्या, पाच वर्षं आणि एक चौकटीचा कागद

मागच्या वेळी पेन्शनच्या कागदपत्रांवर बोललो होतो. आजचा विषय घरातूनच आला. माझी भाची इथेच बेंगळुरूत, जालहळ्ळीला राहते. तिची मुलगी सेकंड पीयूसीला आहे, म्हणजे आपल्याकडची बारावी. भाचीचा फोन आला, "मामा, हिला फिजिक्सही हवंय आणि इंजिनिअरिंगही. दोन्ही एकत्र करता येतं म्हणे. तुम्ही जरा समजवा हिला."

समजवा म्हणजे काय, ते तुम्हाला कळलं असेल. मी म्हटलं, आधी तिला फोन दे.

फौजेत कुठलंही काम हाती घेण्याआधी आम्ही एक अप्रिसिएशन लिहायचो. त्यात पहिली ओळ उद्दिष्टाची, आणि ती एकच. दोन उद्दिष्टं लिहिली की इन्स्ट्रक्टर लाल पेन्सिलीने काट मारायचा. मी मुलीला विचारलं, "तुला दोन पदव्या हव्यात, की दोन विषय यायला हवेत?" ती म्हणाली, "आजोबा, दोन्ही एकच ना?" एकच नाही. आजचं सगळं बोलणं या एका फरकावर आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की हे काही नवीन फॅड आहे. आपल्या शहरातलं सर्वांत मोठं उदाहरण सतीश धवन यांचं. लाहोरला त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी केली, इंग्रजी साहित्यात एमए केलं आणि वर मेकॅनिकल इंजिनिअरिंगची बीई केली. मग अमेरिकेत मिनेसोटा आणि कॅलटेक. १९५१ मध्ये ते आपल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे इथले जुने लोक ज्याला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात तिथे आले, १९६२ मध्ये संचालक झाले, १९७२ पासून इस्रोही सांभाळलं. कलामांचंही तसंच. तिरुचिरापल्लीला फिजिक्सची बीएस्सी, आणि नंतर मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एरोनॉटिकल. त्या काळी आधी बीएस्सी आणि मग इंजिनिअरिंग हा चांगला मळलेला रस्ता होता. टाटा इन्स्टिट्यूटमध्ये बीएस्सी झालेल्यांसाठी तीन वर्षांची बीई होती. मुंबईत यूडीसीटीला बीएस्सीनंतर बीएस्सी टेक होती. हे रस्ते पुढे बंद झाले किंवा अरुंद झाले, आणि बारावीच्या दारातच मुलांची दोन रांगांत विभागणी व्हायला लागली. फौजेत मात्र ते राहिलं. एनडीएत खडकवासल्याला जेएनयूची बीएस्सी, आणि काही वर्षांनी सॅपर असाल तर पुण्याला सीएमईत इंजिनिअरिंगची पदवी. मी तसाच शिकलो. मला कोणी विचारलं नव्हतं, हुकूम होता.

आता आज काय मिळतं ते बघू. सगळे अभ्यासक्रम सांगत बसत नाही, ते तुम्हाला वेबसाइटवर मिळतील. माझ्या मते रस्ते तीन आहेत.

पहिला, सरळ दोन पदव्यांचा. ऑस्ट्रेलियात सायन्स आणि इंजिनिअरिंगची जोडपदवी पाच वर्षांत देतात, तिथे ही सर्रास गोष्ट आहे. आपल्याकडे याचं सर्वांत जवळचं रूप म्हणजे बिट्स. पिलानी, गोवा आणि हैदराबाद. गोव्याचं केंद्र २००४ मध्ये सुरू झालं, म्हणून आपल्या मराठी घरांत आता बिट्स म्हटलं की गोवाच डोळ्यांसमोर येतं. तिथे बारावीनंतर थेट एमएस्सीला प्रवेश मिळतो, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, जीवशास्त्र, अर्थशास्त्र यांपैकी एकात. पहिलं वर्ष सगळ्यांना साधारण सारखंच. त्या वर्षाच्या गुणांवर, म्हणजे सीजीपीएवर, दुसरी पदवी म्हणून इंजिनिअरिंगची शाखा मिळते. एकूण पाच वर्षं.

इथे थांबा आणि नीट ऐका, कारण घरोघरी इथेच गडबड होते. आईवडील मुलाला सांगतात, "बीएस्सी-एमएस्सीचं काही नाही रे, पहिल्या वर्षी मार्क काढ, मग कॉम्प्युटर मिळेल." म्हणजे विज्ञानाचं दार फक्त आत घुसायला वापरायचं. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात नेमकं हेच झालं. संस्थेचं नाव घेत नाही, दोष संस्थेचा नव्हताच. मुलगा हुशार, पण घरापासून पहिल्यांदाच लांब गेलेला. पहिल्या सत्रात आजारी पडला, गुण घसरले. हवी ती शाखा मिळाली नाही. मग पुढची चार वर्षं एक नको असलेलं विज्ञान आणि एक नको असलेलं इंजिनिअरिंग. फीसाठी बँकेचं कर्ज होतं, तेही पाच वर्षांचं, चारचं नव्हे.

तेव्हा हा रस्ता घेणाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा. इंजिनिअरिंगची हवी ती शाखा मिळाली नाही, तरी हे विज्ञान मी आनंदाने करीन का? उत्तर 'हो' असेल तर जरूर जावं. तिथलं शिक्षण चांगलं आहे, प्रॅक्टिस स्कूल नावाची सोय आहे, शेवटच्या वर्षी एक सत्र उद्योगात आणि एक प्रबंधाला देता येतं. 'नाही' असेल तर तो जुगार आहे. आणखी एक बारीक गोष्ट. तुमच्याबरोबर वसतिगृहात आलेली इंजिनिअरिंगची मुलं चार वर्षांनी नोकरीला लागतात, तुम्ही मागे राहता. इंजिनिअरिंगचे विषय तुम्ही एक वर्ष मागच्या तुकडीबरोबर करता. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला हे टोचतं. ते कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

दुसरा रस्ता म्हणजे पदवी एकच, पण तिच्या पोटात दोन्ही. हा आपल्या दारात आहे. टाटा इन्स्टिट्यूटने २०११ मध्ये चार वर्षांचा विज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. पहिली तीन सत्रं सगळ्यांना सगळंच. जीवशास्त्राची आवड असलेल्यालाही गणित, आणि गणितवाल्यालाही जीवशास्त्र, शिवाय इंजिनिअरिंगचे आणि मानव्यविद्येचे काही विषय. मग मुख्य विषय निवडायचा. त्यात मटेरिअल्स हा विषय आहे, तो तर सायन्स आणि इंजिनिअरिंगच्या बांधावरच उभा आहे. शेवटच्या वर्षी संशोधनाचा प्रकल्प. २०२२ पासून तिथे गणित आणि संगणनाची बीटेकही आहे, तिला जेईई अॅडव्हान्स्ड लागते. मुंबईच्या आयआयटीत इंजिनिअरिंग फिजिक्सची बीटेक आहे. भोपाळच्या आयसरमध्ये इंजिनिअरिंग सायन्सेसची पदवी आहे. अडचण एवढीच की जागा थोड्या आणि रांग लांब. आपल्या सोसायटीतल्या दहा हुशार मुलांपैकी नऊ जणांना हे मिळणार नाही. त्या नऊ जणांना मी काय सांगू? म्हणून मला तिसरा रस्ता जास्त महत्त्वाचा वाटतो.

तो सांगण्याआधी एक घरची गोष्ट. बोलू की नको, असं वाटत होतं.

माझ्या मुलाने २००३ मध्ये बारावी केली. माझ्या बदल्यांमुळे त्याच्या तोपर्यंत सहा शाळा झाल्या होत्या. त्याला फिजिक्स करायचं होतं. मी म्हणालो, "आधी इंजिनिअरिंग कर, हातात काहीतरी असू दे, मग तुझं फिजिक्स." हुकूम नव्हता, पण फौजी बापाची सूचना आणि हुकूम यांत मुलाला फरक कळत नाही. त्याने इलेक्ट्रॉनिक्स केलं, इथेच सॉफ्टवेअरमध्ये लागला. सव्वीसाव्या वर्षी म्हणाला, "बाबा, आता माझं फिजिक्स." आणि तयारीला बसला. तेव्हा दोघांनाही कळलं की इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत त्याने फिजिक्स म्हणून जे केलं होतं ते पहिल्या वर्षीचा एक पेपर. क्लासिकल मेकॅनिक्स नाही, क्वांटम नाही, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स नाही. इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स होतं, पण अँटेनापुरतं. प्रवेशपरीक्षा एकदा दिली, दुसऱ्यांदा दिली. काही ठिकाणी इंजिनिअर चालत होते, काही ठिकाणी बीएस्सीच हवी होती. मग लग्न झालं, घराचा हप्ता सुरू झाला. आता टाटा इन्स्टिट्यूटच्या ओपन डेला दरवर्षी मुलीला घेऊन जातो. तिच्यापेक्षा जास्त वेळ तोच लेसरच्या टेबलापाशी उभा असतो. मला तो कधी काही बोलला नाही.

मी पुष्कळदा विचार केला की चूक नेमकी कुठे झाली. इंजिनिअरिंग करायला सांगितलं ही चूक नाही, त्याचं घर त्यावरच चाललं आहे. चूक 'मग' या शब्दात होती. आधी हे, मग ते. 'मग' येईपर्यंत माणूस गंजतो. त्याच्यात आणि फिजिक्सच्या एमएस्सीत अंतर होतं ते जेमतेम पाच-सहा पेपरांचं. ते पेपर त्याच चार वर्षांत, दर सत्राला एक असे झाले असते, तर अंतर उरलंच नसतं. दुसरी पदवी लागली नसती, ते पाच-सहा पेपर मात्र हवे होते.

तर तिसरा रस्ता हा. साध्या, बऱ्या कॉलेजात बीटेक करा आणि विज्ञानाचे ते पेपर बाजूने करा. आज हे शक्य आहे. एआयसीटीईच्या नमुना अभ्यासक्रमात बीटेक १६० क्रेडिटची आहे. त्यावर साधारण वीस क्रेडिट जास्त केले की मायनर किंवा ऑनर्स मिळू शकतं, आणि त्यात स्वयमवरचे, एनपीटीईएलचे कोर्स धरता येतात. आठ सत्रांत वीस क्रेडिट, म्हणजे सत्राला अडीच. झेपण्यासारखं आहे. तुमचं कॉलेज कोणत्या विषयात मायनर देतं हे प्रवेशाच्या आधी लेखी विचारा. बहुतेक ठिकाणी मायनर दुसऱ्या इंजिनिअरिंग शाखेतलंच असतं. फिजिक्सचं नसेल तर प्रमाणपत्रं तरी जमवा. आणि कागदावर दुसरी पदवी हवीच असेल, तर एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. मद्रास आयआयटीची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी कितीतरी इंजिनिअरिंगची मुलं बाजूने करतात. तिला जेईई लागत नाही, त्यांची स्वतःची पात्रता परीक्षा असते. टप्प्याटप्प्याने बाहेरही पडता येतं, म्हणजे झेपलं नाही तर केलेलं वाया जात नाही.

आता भाचीची मुलगी. गेल्या रविवारी ती आली. मी चौकटीचा कागद काढला, आठ उभे रकाने, आठ सत्रं. वर इंजिनिअरिंगचे विषय पेनने, कारण ते बदलणार नाहीत. खाली तिचे फिजिक्सचे पेपर पेन्सिलीने. पहिल्या सत्रात मी काहीच लिहू दिलं नाही. नवीन जागा, नवीन जेवण, पहिलं सत्र तग धरण्यासाठीच असतं. तिसऱ्या सत्रात गणिती पद्धती, चौथ्यात क्लासिकल, पाचव्यात क्वांटम. सहाव्यात तिने दोन पेपर लिहिले, मी एक खोडला. ती भांडली. सहाव्या सत्रानंतरच्या उन्हाळ्यात कंपनीत इंटर्नशिप करायची की एखाद्या प्रयोगशाळेत, हा रकाना तिने मुद्दाम रिकामा ठेवला. म्हणाली, "तेव्हा ठरवीन." मला ते आवडलं. कागदाच्या पाठीमागे तिच्या आईने फीचा हिशेब मांडला, चार वर्षांचा एक आणि पाच वर्षांचा एक, वसतिगृह धरून.

फॉर्म ती तिन्ही रस्त्यांचे भरणार आहे. बिट्सचा भरताना फिजिक्स खाली की वर, यावर घरात अजून एकमत नाही. आई म्हणते गणित वर टाक, त्यातून कॉम्प्युटर सोपं जाईल. मी मुलीला तोच प्रश्न पुन्हा विचारला, हवी ती शाखा मिळाली नाही तर? तिने दोन दिवस मागून घेतलेत. आज दुसरा दिवस आहे, संध्याकाळी फोन येईल.